आमच्या वाटेकऱ्यांची ज्युरी

चि. अमेय आणि चि. सई,

रविवारी तुमच्या आईचा फोन आला. अमेयला तिकडच्या कोर्टाकडून ज्युरीत बसण्याचं बोलावणं आलं आहे आणि ते कसं टाळता येईल याची तो मित्रांकडे चौकशी करत फिरतो आहे, असं तिने सांगितलं. सई म्हणे त्याला सुचवते आहे की आजी आजारी आहे असं कळवून टाक. आजीची तब्येत उत्तम आहे, हे आधी नमूद करते. फोनवर मी काही बोलले नाही, कारण फोनवर मला क्रमाने बोलता येत नाही. पण मी स्वतः एकदा ज्युरीत बसलेली बाई आहे, आणि मला तिथे बसवणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं कधीपासून राहून गेलं आहे. आता तुमच्यातल्या एकावर ती वेळ आलीच आहे, तर सांगून टाकते. वाचा, आणि मग काय करायचं ते करा.

तो माणूस म्हणजे आमच्या विहिरीचे एक वाटेकरी, आणि ते या देशातले अखेरचे ज्युरीवाले होते, असं मी छातीठोकपणे सांगते. सरकारने आपल्याकडची ज्युरी बंद केली त्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, पण ती बातमी वाटेकऱ्यांनी मनावर घेतली नाही. आळे गावाच्या पुढे आपलं जे रान आहे, त्यातली विहीर चार घरांच्या सामाईक मालकीची. एक वाटा आपला, एक या वाटेकऱ्यांचा, आणि उरलेले दोन एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन चुलतभावांचे. पाणी पाळीने घ्यायचं. ज्याची पाळी त्याने मोटर लावायची, बाकीच्यांनी त्याच्या पिकाकडे बघत बसायचं. तुमचे आजोबा हायस्कूलचे हेडमास्तर आणि मी तिथेच इंग्रजी शिकवणारी, त्यामुळे पाळी आपली असली तरी उसात उभं राहून पाणी द्यायचे ते वाटेकरीच. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण आपल्या घरात कुणी त्यांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुमची आई लहानपणी त्यांना ‘वाटेकरी काका’ म्हणायची. वाटेकरी हेच त्यांचं नाव अशी तिची समजूत कॉलेजात जाईपर्यंत टिकली होती.

अंगाने किरकोळ, उंच, आणि कान मात्र त्यांच्यापेक्षा दोन मापांनी मोठ्या माणसाचे. कुणाचं गाऱ्हाणं ऐकायला बसले की टोपी मागे सरकवायचे, म्हणजे कान मोकळे व्हावेत. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या आमच्या बांधावरून दिसतात. त्या उभ्या राहिल्या तेव्हापासून गावातल्या टवाळांनी वाटेकऱ्यांना ‘आमची गावठी दुर्बीण’ म्हणायला सुरुवात केली. वाटेकऱ्यांना त्याचा राग नव्हता. उलट एकदा ते मला म्हणाले, “बाई, त्या तबकड्या आभाळाचं आयकत्यात, चांगलंच हाय. पन आभाळाची काय तक्रार असनार? तक्रार हितं खाली हाय.” टोपी मागे सरली की समोरचा माणूस आपोआप थोडं कमी खोटं बोलायला लागे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि खुर्ची दिली तरी ते भांडण ऐकताना कधी खुर्चीवर बसत नसत. “वरनं पाह्यलं की मानसाची नुस्ती टोपी दिसती,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आपल्या ओट्यावर वादी खुर्चीत, प्रतिवादी खुर्चीत आणि न्याय करणारा जमिनीवर, असा देखावा मी वर्षानुवर्षं पाहिला.

ज्युरीचं बी माझ्याकडून पडलं. संध्याकाळी ते वर्तमानपत्र ऐकायला येत. वाचता त्यांना येत होतं, पण कोर्टाच्या बातम्या त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडत. एकदा कसल्याशा खटल्याची बातमी वाचताना मी सहज सांगितलं की माझे वडील पुण्यात वकील होते, तेव्हा सेशन्स कोर्टात ज्युरी बसायची.

“म्हंजे जज्ज नाय ठरवायचा?”

“जज्ज कायदा सांगायचा. गुन्हा केला की नाही, ते ही माणसं ठरवायची.”

“कंची मानसं?”

“साधीच. दुकानदार, कारकून, मास्तर. आरोपीसारखी.”

“आरोपीसारखी म्हंजे चोर?”

“चोर नव्हे हो. त्याच्या बरोबरीची. त्याचं जगणं ज्यांना ठाऊक आहे अशी.”

टोपी मागे सरली. मग विचारलं, “आन ही एवढी चांगली गोष्ट बंद केली कुनी?” मी सांगितलं की ज्युरीतली माणसं भुलतात, कीव करतात, पेपरात वाचलेलं डोक्यात घेऊन बसतात, अशा तक्रारी झाल्या. “मानूस म्हनल्यावर भुलनारच की,” वाटेकरी उठत म्हणाले, “जज्ज काय बाभळीचा असतो?” आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या शिवारात ज्युरी पुन्हा सुरू झाली.

बाराजण गोळा करणं सुगीच्या दिवसांत जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी पाच धरले. पण त्या पाचांच्या बाबतीत त्यांनी जो काटेकोरपणा दाखवला तो कुठल्याही हायकोर्टाने दाखवला नसेल. ‘बरोबरीचा’ हा शब्द त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. आळेफाट्याच्या एका शिंप्याने एका दुकानदाराची विजार घट्ट शिवली आणि वाद आपल्या ओट्यावर आला, तेव्हा वाटेकऱ्यांनी दोन दिवस हिंडून पंचक्रोशीतले पोट सुटलेले पाच गृहस्थ आणले. आपला ओटा त्या दिवशी प्रथमच भरल्यासारखा दिसला. त्यातल्या सर्वांत ज्येष्ठ पोटाने गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला, “शेठ, खरं सांगा, माप घेताना प्वाट आत वढलं व्हतं का?” दुकानदाराने सदरा खाली ओढला. “आमी समदेच वढतो, राव,” ज्येष्ठ पोट मोठ्या समजुतीने म्हणालं, आणि निकाल शिंप्याच्या बाजूने लागला. मी कपाट आवरता आवरता आतून ऐकत होते. वडिलांच्या कोर्टातले कितीतरी नामांकित वकील मला आठवले, पण हा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही सुचला नसता. सगळे बारीक होते.

कुणाची तरी शेळी कुणाच्या तरी परड्यात शिरली, तेव्हा मात्र त्यांनी जरा जास्तच विचार केला. पाच शेळ्या बसवण्याची कल्पना माझ्या सांगण्यावरून त्यांनी सोडून दिली, पण ती मनापासून सोडली असं मला कधी वाटलं नाही.

त्यांच्या ज्युरीला पहिला खरा धक्का त्यांच्या बायकोने दिला. माहेराहून परतणाऱ्या बायकोला ते फाट्यावर आणायला जाणार होते. ते वाटेत कुणाच्या तरी बांधाचं भांडण ऐकायला बसले आणि ती माउली डोक्यावर गाठोडं आणि हातात कोंबडी घेऊन उन्हातून चालत घरी आली. वाटेकऱ्यांनी चूक लपवली नाही. स्वतःवरच खटला भरला आणि रीतसर पाच नवरे बोलावले. पाचही नवऱ्यांनी चहा घेतला आणि कप खाली ठेवायच्या आत आरोपीला निर्दोष सोडलं. वाटेकरीणबाई चुलीपासून बाहेर आल्या. “ही जुरी नाय,” त्या म्हणाल्या, “ही टोळी हाय. चा माझाच पेत्यात आन खोटं बी मलाच पाडत्यात.” त्यावर वाटेकऱ्यांनी चार दिवस विचार केला आणि मग येऊन मला सांगितलं, “बाई, तुमच्या वडलांच्या कायद्यात एक कलम घाला. पाचात एक तरी आपल्यावर रागावल्याला पायजे. समदेच आपले आसले की निवाडा व्हत नाय, लगीन व्हतं.” हे कलम त्यांनी पुढे कसोशीने पाळलं, आणि त्याची खरी परीक्षा ज्या खटल्यात झाली, त्यात मी होते.

मी वर ज्या दोन चुलतभावांचे वाटे सांगितले, त्यातल्या थोरल्याला सगळे दादा म्हणत. दादांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. मुलगी आंबेगावच्या पश्चिमेची, धरणाच्याही वर, जिथे डोंगरउतारावर भाताची खाचरं आहेत तिथली. शांत, कामसू, डोळे कायम जमिनीकडे. उन्हाळ्याचे दिवस, विहिरीने तळ गाठलेला, नव्या लागणीचा टोमॅटो माना टाकून बसलेला. दादांची पाळी होती आणि पाणी द्यायला ही एकटीच रानात गेली होती. संध्याकाळी दादा जाऊन बघतात तर त्यांच्या निम्म्या सऱ्या कोरड्या, आणि खालच्या बाजूला, न बोलणाऱ्या चुलतभावाचा टोमॅटो टवटवीत. मधला बांध खोऱ्याने नीट, मुद्दाम फोडलेला. दादांनी विचारलं, बांध कुणी फोडला. मुलगी म्हणाली, “म्या.” का फोडला? “वरचं भरलं व्हतं.”

एवढंच. यापलीकडे ती एक अक्षर बोलेना. दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्माचं वैर असलेल्या घराला आपल्या पाळीचं पाणी, आणि तेही आपल्या सुनेच्या हातून! दुसऱ्या दिवशी गावात कुजबूज सुरू झाली, की त्या घराला पाणी सोडण्याइतकं हिचं तिथे आहे तरी कोण? तुम्हाला तिकडे कदाचित कल्पना येणार नाही, पण पाण्यापेक्षा ही कुजबूज भयंकर होती. दादांनी मुलाला सांगितलं, उद्या हिला माहेरी सोडून ये, आणि परत आणू नकोस. मुलगा बापापुढे बोलणारा नव्हता. मुलीची ट्रंक ओट्यावर आलीसुद्धा.

वाटेकरी तसेच अनवाणी दादांच्या दारात गेले. मी आणि तुमचे आजोबा मागून गेलो. दादा म्हणाले, “तुमची जुरी घरी ठेवा, राव. माझं पानी गेलंय.”

“किती गेलं?”

“निम्मी पाळी.”

“माझी पुढची आख्खी पाळी तुमाला दिली,” वाटेकरी म्हणाले.

त्या उन्हात पाळी देणं म्हणजे हातचं पीक देणं. वाटेकऱ्यांचा टोमॅटो दादांच्यापेक्षा वाईट अवस्थेत होता.

“आता पान्याचं भांडान मिटलं,” वाटेकरी जमिनीवर बसत म्हणाले. “मिटलं का न्हाई? मग आता राह्यली फकस्त पोरगी. दोनी एका जागी ठिवलं असतं तर समदे पानीच मोजत बसले असते, तिच्याकडं कुनी बघितलं नसतं. आता तिचा निवाडा तिच्या बरोबरीचे करतील. मग ट्रंक आत न्यायची का गाडीत टाकायची ते ठरवू.”

“तिच्या बरोबरीचे म्हंजे कोन?”

“सुना,” वाटेकरी म्हणाले. “गावातल्या पाच सुना.”

जमलेले पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, “मग पोळ्या कोन लाटनार?” पण पाणी घेऊन बसलेल्या दादांना आता नाही म्हणणं जड गेलं. पाच सुना निवडतानाही वाटेकऱ्यांनी नियम लावला. सासू हयात पाहिजे. “सासू गेली की बाई सून राहत नाय, तीच सासू व्हती.” या नियमाने पन्नाशी उलटलेली मी, केस पिकलेली, निवृत्तीला आलेली, पात्र ठरले, कारण माझ्या सासूबाई आतल्या खोलीत ठणठणीत होत्या आणि रोज सकाळी माझ्या भाजीत मीठ जास्त असल्याचं मला सांगत होत्या. आणखी तिघी आल्या. पाचवी रागावलेली पाहिजे म्हणून वाटेकऱ्यांनी स्वतःची सून घेतली. ती का रागावली होती हे विचारायची गरज नव्हती. तिच्या सासऱ्याने नुकतंच तिच्या टोमॅटोचं पाणी देऊन टाकलं होतं.

ज्युरीला एकमत होईपर्यंत बंद खोलीत ठेवतात, हेही मीच त्यांना कधीतरी सांगून बसले होते. आमच्या वस्तीवर बाहेरून कडी लागणारी एकच जागा होती, ती म्हणजे आपली बराखी. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, फटीफटींच्या भिंतींची खोली. नुकताच कांदा भरला होता. आम्ही पाचजणी त्या कांद्याच्या ढिगाच्या कडेला पदर सावरून बसलो आणि वाटेकऱ्यांनी बाहेरून कडी घातली. फटींतून बोलणं बाहेर ऐकू जाईल म्हणून त्यांनी पलीकडचं ऑइल इंजिन चालू केलं. एकमत झालं की फटीतून हात बाहेर काढायचा, असं ठरलं.

आत शिरल्याबरोबर वाटेकऱ्यांच्या सुनेने निकाल सांगून टाकला. “चूक ती चूक. तिनं बांध फोडला, तिनंच सांगितलं. आता बसायचं कशाला? मला घरी जाऊन दूध काढायचंय.”

“अगं, पण का फोडला?” मी म्हटलं.

“का म्हंजे? काय बी असंल. मला पयल्या वर्साला कुनी इचारलं व्हतं का, का म्हनून?”

“का गं? तू काय केलं होतंस?” शेजारची म्हणाली.

ती फणकाऱ्याने म्हणाली, “आत्याबाईंच्या आधी जेवले व्हते. आमच्यात रानातनं आलेली आधी जेवती. मला काय ठावं हितं सासूच्या आधी जेवायचं नसतं! वर्सभर आयकलं. अजून हळदीकुंकवाला सांगत्यात.”

मग तिघींनीही आपापलं सांगितलं. एकीने पहिल्या महिन्यात सासरच्या देवाला माहेरच्या रीतीने नैवेद्य दाखवला होता आणि त्यानंतर घरात जे जे बिघडलं ते तिच्या नावावर जमा होत गेलं. मीही सांगितलं. पुण्याहून आलेली मी, पहिल्याच दुपारी दाराला आतून कडी लावून झोपले. भर दिवसा दार लागलेलं बघून गाव गोळा झालं, घरात कुणीतरी गेलं असं समजून. मी दार उघडलं तेव्हा एक म्हातारी रडायलाही लागली होती. सगळ्या खो खो हसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेर उभे असलेले सगळे पुरुष याच गावात जन्मले होते, आणि आत बसलेल्या आमच्यातली एकही इथली नव्हती.

“पन तिला इचारायलाच पायजे,” नैवेद्यवाली म्हणाली. मी फटीतून हात बाहेर काढला. निकाल लागला असं समजून वाटेकरी धावत आले.

“आरोपीला आत पाठवा,” मी म्हटलं.

“बाई, कायद्यात बसतं का?”

“नाही बसत.”

वाटेकरी क्षणभर घुटमळले. मग कडी निघाली आणि ती मुलगी आत आली. कांद्यांकडे बघत उभी राहिली. मी शाळेतल्या आवाजात दोन प्रश्न विचारले, ती आणखी खाली बघायला लागली. शेवटी वाटेकऱ्यांच्या सुनेचा धीर सुटला. ती तिच्यावर खेकसली, “अगं ए बया, तुझ्या माहेरी काय पानी असंच दुसऱ्याच्या रानात सोडत्यात का?”

मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. “व्हय,” ती म्हणाली.

“खाचर भरलं की बांध फोडायचा,” मुलगी हळूहळू सांगू लागली. “खालच्याच्या खाचरात पानी जायाला पायजे. भरल्यावर आडवून धरलं तर पाप लागतं. आमचं सगळ्यात वरचं खाचर हाय. आमी नाय सोडलं तर खालच्यांचा भात कसा व्हनार? आमच्यात कुनी कुनाशी बोलत नसलं तरी पानी सोडत्यात.” मग थांबून ती म्हणाली, “वरच्या सऱ्या भरल्यावानी दिसल्या. मला वाटलं झालं. कुनाचं रान हाय, मला कुनी सांगितलंच नव्हतं.”

“मग हे दादांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. वरचं भरलं व्हतं म्हनले.”

तिच्या हिशेबी तिने सगळं सांगितलं होतं. वाटेकऱ्यांची सून बराच वेळ एक कांदा हातात घेऊन त्याची सालं काढत बसली. मग म्हणाली, “चूक हायेच. सऱ्या नीट बघायला पायजे व्हत्या. पन शिकवायचं कुनी?” आणि तिनेच फटीतून हात बाहेर काढला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पाचहीजणींचे डोळे लाल आणि गालांवर पाणी. बंद बराखीत इतका वेळ बसल्यावर दुसरं काय होणार! पण बाहेरच्यांना ते कुठे ठाऊक. दादा घाबरून उठूनच उभे राहिले. हेडमास्तर, म्हणजे तुमचे आजोबा, मला विचारायला पुढे आले की काय झालं, आणि मी नाक पुसत त्यांना बाजूला सारलं. निकाल वाटेकऱ्यांच्या सुनेने सांगितला, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घट्ट धरून, पण आवाज खणखणीत.

“पानी गेलं, खरं हाय. हिनंच फोडलं, खरं हाय. चोरी नाय आन दुसरं बी काय नाय. तिच्याकडं भरल्यावर खालच्याला देत्यात. आपल्याकडं देत नाय, ह्ये तिला तुमच्या घरात कुनी सांगितलं नाय. पुढल्या चार पाळ्यांना तिच्या सासूनं तिच्याबरूबर रानात उभं राहून दारं मोडायला, सरीसरीला पानी फिरवायला शिकवायचं. ट्रंक आत न्या. आन मामा, आपला टोमॅटो गेला, त्याचं काय ते आपन घरी बोलू.”

दादा म्हणाले, “बायांचं राज्य आलं म्हनायचं.” कुणी हसलं नाही. चुलतभाऊ, ज्याच्या रानात पाणी गेलं होतं आणि जो इतका वेळ लिंबाखाली गप्प उभा होता, तो मान खाली घालून निघून गेला. मुलीची सासू पुढे आली, ट्रंकेचा एक कान तिने धरला, दुसरा मुलीने धरला, आणि दोघी घरात गेल्या.

अमेय, तू विचारशील की यात मोठं काय झालं. जज्जानेही हाच निकाल दिला असता. कदाचित दिला असता. पण मी सोळा वर्षं शिकलेली, दोन नीट प्रश्न विचारले, आणि उत्तर आलं ते दूध काढायला उशीर होत असलेल्या एका चिडलेल्या बाईच्या टोमण्याला. तिने त्या मुलीची कीव केली नाही. तिला स्वतःचं पहिलं वर्ष आठवत होतं, एवढंच, आणि त्या आठवणीचा तिला रागही होता. बरोबरीच्याने निवाडा करणं म्हणजे काय ते मला तिथे थोडंसं कळलं, आणि हेही कळलं की घरी कितीही कामं पडली असली तरी तिथे जाऊन बसावं लागतं.

वाटेकऱ्यांचा टोमॅटो त्या वर्षी निम्माशिम्मा वाळला. भाव नेमका त्याच वर्षी चांगला होता. वाटेकरीणबाईंनी तो भाव त्यांना पुढे कैक दिवस जेवताना ऐकवला आणि ते टोपी पुढे ओढून, कान झाकून जेवत राहिले.

नंतर दिवस बदलले. ज्याने त्याने आपापली बोअर घेतली, विहिरीच्या पाळ्या संपल्या, आणि पाळ्यांवरून होणारी भांडणंही. वाटेकऱ्यांना करमेना. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, “बाई, वर गेल्यावर निवाडा कोन करतं?”

“देव करतो म्हणतात.”

“येकटाच?”

“एकटाच.”

“त्याला रान हाय का? बायको कधी फाट्यावर इसरला का?” मी हसले. ते हसले नाहीत. “मग त्याला काय समजनार? मी सांगनार हाय, आधी पाच वाटेकरी बसीव. आन त्यात एक आमची सून घे.”

“ती अजून इथे आहे हो.”

“मग थांबन की मी. घाई कुनाला हाय?”

सून दारातच उभी होती. “मामा, कायतरीच काय बोलताय,” ती म्हणाली, “आधी दूध प्या.” आणि ते मुकाट्याने प्यायले. पावसाळा संपता संपता ते गेले.

विहिरीत आता फारसं पाणी नसतं. डोंगरातली ती मुलगी त्याच घरात आहे, तिची दोन मुलं माझ्याकडे इंग्रजीला येतात. गावात तंट्यांसाठी आता समिती आहे. तिची खोली आहे, खुर्च्या आहेत, शिक्का आहे, आणि वाटेकऱ्यांचं नाव तिथे कुठेही नाही. पण एखाद्या घरच्या सुनेवर काही आळ आला, तर जमलेल्यांपैकी कुणीतरी अजून म्हणतं, आधी सुनांना बोलवा. दरवेळी बोलावतात असं नाही, पण बोलावतात.